रुमाल उचलणारी एमिलिया

समजा, यंदाच्या युवक महोत्सवासाठी तुमच्या कॉलेजात 'ऑथेल्लो' बसवायचं ठरलं. पहिल्या वाचनाला काय होईल, सांगू? इयागोच्या रोलसाठी चार जण हात वर करतील. व्हिलन आहे, संवाद भारी आहेत, आणि 'ओंकारा'मधला सैफचा लंगडा त्यागी सगळ्यांच्या डोक्यात असतोच. ऑथेल्लोसाठी खणखणीत आवाजाचा कुणीतरी सापडेल. डेस्डेमोना ठरेल. आणि एमिलियाचं काम? ते उरलेल्या मुलीच्या गळ्यात पडेल. आज बोलायचंय ते तिच्याबद्दल.

ज्यांनी नाटक वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑथेल्लो व्हेनिसच्या सैन्यातला काळा सेनापती. डेस्डेमोना तिथल्या बड्या घरची मुलगी, बापाला न विचारता त्याच्याशी लग्न करते. इयागो हा त्याचा हाताखालचा माणूस. बढती आपल्याला न मिळता कॅसिओला मिळाली म्हणून तो जळतोय. तो ऑथेल्लोच्या मनात भरवतो की तुझी बायको आणि कॅसिओ यांचं काहीतरी चालू आहे. शेवटी ऑथेल्लो तिला स्वतःच्या हाताने मारतो.

हे नाटक आपल्याकडे आलं त्याला दीडशे वर्षं उलटून गेली. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 मध्ये त्याचं मराठी भाषांतर केलं. मग 1890 मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी त्यावरून 'झुंझारराव' लिहिलं. ऑथेल्लोचा झाला झुंझारराव, डेस्डेमोनाची कमळजा. गंमत बघा, याच देवलांचं 'संशयकल्लोळ' 1916 मध्ये रंगभूमीवर आलं. तिथेही संशयच, फक्त रुमालाऐवजी एक तसबीर. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर संशय घेत घर डोक्यावर घेतात आणि आपण हसून लोटपोट होतो. एकाच लेखकाकडे एकच आजार, एकदा रडवणारा, एकदा हसवणारा. फरक कुठे पडतो? संशयकल्लोळात माणसं निदान आरडाओरडा करतात, त्यामुळे घोटाळा एकदाचा बाहेर पडतो. ऑथेल्लो ज्याने आग लावली त्यालाच विश्वासू समजून विचारत बसतो. बायकोला नीट विचारेपर्यंत त्याचा निकाल लागलेला असतो.

इयागोची पद्धत जरा बारकाईने बघा, कारण ती आपल्या ओळखीची आहे. तो थेट आरोप करतच नाही. कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलून निघून जाताना दिसतो, तेव्हा हा नुसता पुटपुटतो की हे काही मला आवडलं नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? तर म्हणे, कुठे काय. मग एक साधा प्रश्न: तुमचं जमलं तेव्हा कॅसिओला माहीत होतं का? का रे, असं का विचारतोस? काही नाही, सहज. कॅन्टीनमध्ये "जाऊ दे ना, तुला सांगून उगाच टेन्शन देत नाही" म्हणणारा मित्र आठवला का? वर हाच इयागो ऑथेल्लोला सल्ला देतो, संशयापासून जपून राहा म्हणून!

आणि त्याचं सगळ्यात धारदार हत्यार तर आपल्या मराठवाड्यात रोज चालतं. ही बापाला फसवून तुझ्याकडे आली, ती तुला फसवणार नाही कशावरून? म्हणजे मुलीने प्रेमापोटी जे धाडस केलं, तोच तिच्याविरुद्धचा पुरावा. आपल्याकडच्या पारावर हेच वाक्य वेगळ्या शब्दांत कितीदा ऐकलंय, आठवून बघा. बोलणारा दरवेळी खलनायक असतोच असंही नाही. काका असतो, शेजारी असतो.

आता रुमाल. ऑथेल्लोने तिला दिलेली ही पहिली भेट. त्याचं डोकं दुखतंय म्हणून ती तो कपाळाला बांधायला जाते, तो झिडकारतो आणि रुमाल खाली पडतो. म्हणजे ज्या रुमालासाठी ती मरते, तो त्याच्याच झिडकारण्याने पडलेला असतो, आणि तो पडला हे त्याच्या गावीही नसतं. पुढे इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. नंतर कॅसिओला दुसऱ्याच एका बाईबद्दल हसत हसत बोलायला लावतो आणि लांब उभ्या ऑथेल्लोला वाटतं, हा माझ्या बायकोबद्दल बोलतोय. आवाज बंद केलेला व्हिडिओच की हा! वरचे-खालचे मेसेज कापून मधलाच तुकडा दाखवणारा स्क्रीनशॉटही याच जातीचा.

पण तो रुमाल इयागोच्या हातात दिला कुणी? एमिलियाने. ती इयागोची बायको आणि डेस्डेमोनाची सोबतीण. नवरा कधीपासून मागत होता, म्हणून तिने उचलला आणि दिला. कशाला हवाय, एवढं विचारलंही, पण त्याने उत्तर दिलं नाही आणि तिने धरून ठेवलं नाही. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. खरी चूक पुढे आहे. डेस्डेमोना तिला विचारते, माझा रुमाल कुठे हरवला असेल गं? आणि एमिलिया म्हणते, मला नाही माहीत. त्यानंतर लगेच ऑथेल्लो तिच्या डोळ्यांदेखत त्या रुमालावरून डेस्डेमोनावर भडकतो. तरी ती गप्प. या जागी ती एक वाक्य बोलली असती, तर पुढचं नाटकच उरलं नसतं.

इयागोला शिव्या देणं सोपं आहे. माझ्या मते वर्गात इयागो एखादाच असतो. एमिलिया मात्र आपण बहुतेक सगळेच असतो.

मी होतो. सेकंड इयरला असताना आमच्या ग्रुपवर एका मैत्रिणीच्या चॅटचा स्क्रीनशॉट आला. ती अंबडकडच्या एका गावाहून रोज एसटीने जालन्याला यायची. चॅटमध्ये काहीही नव्हतं, प्रॅक्टिकलच्या जर्नलवरून चेष्टामस्करी. पण कापलेला तुकडा तसा दिसत नव्हता. मी तो आणखी एकाला पाठवला, खाली हसणारा इमोजी टाकून. आठवडाभरात तो तिच्या चुलतभावाच्या मोबाइलवर होता. तिचा पास बंद झाला. तिने मला फोन करून विचारलं होतं, हे कुणी पसरवलं, तुला काही कळलं का? मी म्हणालो, नाही गं.

हे लिहायला सोपं नाही, पण ते सोडून एमिलियाबद्दल लिहिणं म्हणजे शुद्ध ढोंग झालं असतं. शहरात राहणाऱ्यांना अफवेचा त्रास होतो, गावाहून येणाऱ्या मुलीचं शिक्षण थांबतं. जबाब तिलाच द्यावा लागतो, आणि तिला विचारण्याआधी घरात निर्णय झालेला असतो. डेस्डेमोनाला शेवटी बोलू दिलं जातं तेव्हा ऐकायला कुणी शिल्लक असतं का?

एमिलिया शेवटी बोलते, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. डेस्डेमोना मेल्यावर, सगळ्यांसमोर, नवरा गप्प बस म्हणत असताना ती सांगते की रुमाल मीच उचलला आणि याला दिला. इयागो तिथेच तिला भोसकतो. नाटकात खरं बोलण्याची एवढी किंमत मोजणारी ती एकटीच. माझ्या जिवाला तर कसलाच धोका नव्हता. तरी मला दोन वर्षं लागली.

गेल्या दिवाळीत ती जालन्याला खरेदीला आली होती. गांधी चमनजवळ चहा घेताना मी तिला सांगितलं की तो स्क्रीनशॉट माझ्याकडूनही पुढे गेला होता. ती थोडा वेळ कपाकडे बघत राहिली. म्हणाली, "मला माहीत होतं. तू सांगतोस का, ते बघत होते." मग तिने विचारलं, राहिलेल्या विषयांचा परीक्षा फॉर्म अजून भरता येतो का, आणि त्याची शेवटची तारीख काय.