बर्फावर ‘चालवून घेणं’ चालत नाही

‘चालवून घे गं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे!’ हे वाक्य आपण बायका इतक्या वेळा ऐकतो आणि इतक्या वेळा दुसरीला ऐकवतो, की त्यात काही खटकावं असं वाटतच नाही. जावेच्या मापाचा ब्लाउज टाके घालून चालवून घ्यायचा. भावाची उंच सायकल बहिणीने अर्ध्या पॅडलवर शिकायची. ओटा उंच पडला तर पायाखाली पाट घ्यायचा. वस्तू आपल्यासाठी बदलत नाही, आपणच वस्तूसाठी बदलतो. बहुतेक ठिकाणी यात फार तर पाठ दुखते. पण एक जागा अशी आहे, जिथे हे ‘चालवून घेणं’ थेट गुडघ्यावर बेततं. ती म्हणजे बर्फाचा उतार!

आता तुम्ही म्हणाल, भाईंदरच्या केबिन रोडवर राहणाऱ्या बाईला स्कीइंगचं काय पडलंय? आम्हाला बर्फ माहीत तो कोळणीच्या पाटीतला! पण मैत्रिणींनो, दिवस बदललेत. काश्मीर-मनालीची सहल आता नवलाईची राहिलेली नाही. आमच्या महिला मंडळातल्या तिघींच्या मुली गेल्या काही वर्षांत स्कीइंगचा बेसिक कोर्स करून आल्या. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंगची संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची पर्वतारोहण संस्था आहे, उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमने असे कोर्स चालवले आहेत. राहणं, जेवण, शिकवणं आणि स्की-बूट असं सगळं फीमध्येच. मुलगी निघाली की तिची आई मला विचारते, ‘ताई, स्वेटर किती देऊ?’ स्वेटरचं सगळ्या विचारतात. पोरीच्या पायात काय बांधणार, हे मात्र एकही विचारत नाही.

तिघींपैकी एकीच्या बाबतीत काय झालं ते सांगते. बॅचमध्ये मुलगे जास्त, लहान मापाचे बूट संपलेले. ‘दोन मोजे घाल, होईल फिट,’ असं सांगून तिला मोठे बूट दिले. स्कीसुद्धा तिच्या डोक्याहून वीतभर उंच. पोरगी आपल्यासारखीच वाढलेली, काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पडली. पडताना स्की पायातून सुटायला हवी होती, ती सुटलीच नाही आणि गुडघा पिरगळला. पुढचे चार महिने फिजिओथेरपी. घरी सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘मुलींनी कशाला असले खेळ खेळावेत?’ बुटाचं माप चुकलं, आणि दोष गेला तिच्या मुलगी असण्याला!

म्हणून आज या विषयावर लिहायचं ठरवलं. त्या मुलींकडून आणि त्यांना शिकवणाऱ्यांकडून जे समजून घेतलं, ते आपल्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट, बर्फ एकाच तऱ्हेचा नसतो. आम्ही भाईंदरकर मिठागरांच्या काठची माणसं, तेव्हा मिठाचंच उदाहरण घेऊ. बारीक मीठ कोरडं असेल तर बोटांतून सुळकन निसटतं. खडे मीठ टोचतं. आणि पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं की त्याचा लगदा होतो. बर्फाचंही तसंच. कडाक्याच्या थंडीत नुकताच पडलेला बर्फ पिठासारखा भुसभुशीत असतो, त्यात पाय रुततो. यंत्राने दाबून सपाट केलेला उतार टणक असतो. रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा होतो. आणि तोच बर्फ दुपारच्या उन्हात पाणचट, जड बनतो.

आता स्की. भुसभुशीत बर्फासाठी रुंद स्की लागते, कारण ती वजन पसरवते आणि बर्फावर तरंगते. आपण चिखलात फळी टाकून चालतो, तसंच समजा. तिचं पुढचं टोक बरंच आधीपासून वर उचललेलं असतं, म्हणजे ते बर्फात घुसत नाही. टणक उतारावर मात्र हीच रुंद स्की कुशीवर वळवायला जड जाते आणि गुडघ्यावर जोर येतो. तिथे हवी अरुंद स्की आणि तिच्या कडेला असलेल्या पोलादी पट्टीला चांगली धार. बोथट विळीवर टोमॅटो चिरला जातो का? तसंच बोथट कडेची स्की काचेसारख्या बर्फावर पकड घेत नाही, सरळ घसरत जाते.

स्कीवर मिलिमीटरमध्ये तीन आकडे छापलेले असतात. टोक, कंबर आणि शेपूट यांची ती रुंदी. बघायची ती कंबर! ढोबळमानाने सांगायचं तर ६५ ते ८५ मिलिमीटरची कंबर दाबलेल्या उतारासाठी, ८५ ते १०० ची मिश्र बर्फासाठी आणि १०० च्या वरची भुसभुशीत बर्फासाठी. शिकणारीने अरुंद आणि मऊ स्की घ्यावी. उंचीला ती उभी धरली की साधारण हनुवटीपर्यंत यावी. लांब स्की वेगात स्थिर राहते खरी, पण नवशिकीला ती वळवता येत नाही आणि थांबवताही येत नाही.

जागेप्रमाणेही हे बदलतं. गुलमर्गला गंडोलाचा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, ३,९०० मीटरहून उंच, पाळण्यातून जाता येऊ लागलं. तिथल्या भुसभुशीत बर्फासाठी जगभरातून लोक रुंद स्की घेऊन येतात. पण तो प्रदेश तरबेज लोकांचा. तिथे हिमकडे कोसळण्याचा धोका असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच असा कडा कोसळून एका रशियन पर्यटकाचा जीव गेला. शिकणाऱ्यांचा उतार खाली, सौम्य आणि दाबलेला. म्हणजे एकाच गावात दोन तऱ्हेच्या स्की लागतात! आणि निसर्गाचाही भरवसा नाही. त्याच वर्षीचा जानेवारी महिना गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला होता.

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे, की हौसेपोटी स्की विकत घेऊ नयेत. नवी जोडी आणि बूट म्हटले की पन्नास हजार रुपये सहज जातात, आणि कुठला बर्फ मिळेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. शिवाय आमच्या केबिन रोडच्या वन-रूम-किचनमध्ये त्या ठेवणार कुठे? स्की तिथल्या तिथे भाड्याने घ्याव्यात आणि बर्फ बदलला तर बदलूनही मागाव्यात.

मात्र बुटांच्या बाबतीत तडजोड नको. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. घरीच टाच भिंतीला टेकवून उभं राहा, अंगठ्यापर्यंत मोजा. २४ भरली तर बूट २४ किंवा साडेचोवीसचा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की थोडी मागे यावीत. टाच उचलली जाता कामा नये. मोजा एकच, लांब आणि पातळ. दोन मोजे घालायची वेळ आली, तर तो बूट आपला नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बूट आणि स्की जोडणारी कळ, तिला बाइंडिंग म्हणतात. पडल्यावर पाय सुटावा म्हणून ती असते. किती जोर आल्यावर सुटायचं, त्याचा आकडा तिच्यावर लावलेला असतो. तो ठरतो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याचं कसब यांवरून. आधीच्या ऐंशी किलोच्या गड्यासाठी लावलेला आकडा पन्नास किलोच्या मुलीला तसाच ठेवला, तर कळ सुटणार कशी? त्यातून बायकांच्या गुडघ्यातला मुख्य लिगामेंट स्कीइंगमध्ये पुरुषांपेक्षा जास्त वेळा फाटतो, असं पाहणीत पुन्हा पुन्हा दिसून आलंय. आकडा स्वतः फिरवायचा नाही, जाणकाराकडूनच लावून घ्यायचा. पण ‘माझ्या वजनाला लावलाय का?’ एवढं विचारायलाच हवं.

‘खास बायकांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या स्कीही असतात. वजनाला हलक्या, वाकायला मऊ अशा असतील तर जरूर घ्याव्यात. नुसता गुलाबी रंग दिला असेल तर भुलू नये. बायकांच्या बुटांचं मात्र तसं नाही. आपली पोटरी खालपासून भरलेली असते, म्हणून त्या बुटांची मान आखूड ठेवतात. पोटरीला कळ लागत असेल तर ते मागून घ्यावेत.

कुणी म्हणेल, शिकवणारे आहेत ना, त्यांना कळतं की! कळतंच. पण तीस जणांच्या बॅचमध्ये प्रत्येकीचं वजन त्यांना कसं माहीत असणार? आपण सांगितलं तरच कळणार. आणि ‘मुलींनी कशाला?’ म्हणणाऱ्यांना दोन नावं सांगा. शैलजा कुमार १९८८ मध्ये कॅनडात कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगला उतरल्या, हिवाळी ऑलिंपिक खेळलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. आणि मनालीजवळच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवलं. आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधलं भारताचं पहिलं पदक म्हणून ते गाजलं, आणि तेही एका मुलीचं!

तेव्हा लेकीला जरूर पाठवा. स्वतःला जमत असेल तर तुम्हीही उतरा. जाताना कागदावर चार गोष्टी लिहून द्या: पावलाची लांबी, वजन, उंची आणि ‘नवशिकी’ हा शब्द. काउंटरवर तो कागद पुढे करायचा आणि त्याप्रमाणे मिळालं नाही, तर त्या दिवशी उतारावर जायचं नाही. दिवस फुकट गेला तरी चालेल. पंधरा दिवसांतला एक दिवस गेला तर काही बिघडत नाही. गुडघा गेला तर वर्ष जातं, आणि घरातल्या पुढच्या मुलीची वाटही बंद होते.