परवान्याची पोथी

शहर अकोल्याचें असो कीं अमरावतीचें, तें वाढतें आमच्या शेतांवर. अमरावती व बडनेरा एकत्र करून 1983 सालीं महानगरपालिका झाली. अकोल्याची 2001 सालीं झाली. पुढें 2016 सालीं अकोल्याच्या भोंवतालचीं 24 गांवें, मलकापूर, उमरी, शिवणी, खडकी वगैरे, एका सरकारी हुकुमानें शहरांत ओढलीं गेलीं. घर जागचें हललें नाहीं. पण घरधनी रात्रीं खेडूत म्हणून निजला तो सकाळीं शहरवासी होऊन उठला. कराचा आंकडा त्याला लौकरच कळला. आपल्या घराला आतां कोणता कायदा लागू झाला, हें मात्र दारावर येऊन कोणी सांगितलें नाहीं.

आमच्या बहुतेक बंधूंच्या पेटींत असतें काय? ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, कराच्या पावत्या, आणि मुद्रांकाच्या कागदावर लिहून घेतलेली गुंठ्या-दीड गुंठ्याची खरेदी. एवढ्यावर तो निश्चिंत असतो. वाचकहो, नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे. तो मालकीचा पुरावा नव्हे, बांधकामाचा परवानाही नव्हे. बिनपरवाना घरावर पालिका कर तर घेतेच, कायद्यानें दुपटीपर्यंत दंडहि बसवूं शकते, आणि कर घेतला म्हणून घर कायदेशीर झालें असें मुळींच मानीत नाहीं. पैसा चालतो, घर चालत नाहीं, असा हा व्यवहार! अशा गुंठेवारीच्या घरांसाठीं 2001 सालीं कायदा झाला व 2021 सालीं त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतचीं घरें त्यांत घेतलीं. शुल्क भरून घर नियमित करून घेण्याची ती एक वाट आहे. किती जणांना ती ठाऊक आहे?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. डिसेंबर 2020 पासून मुंबई शहर वगळतां राज्याच्या बहुतेक भागास एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तींत लहान घराला हक्क दिला आहे. मालकी साफ असेल, ले-आउट मंजूर असेल व भूखंड 150 चौरस मीटरपर्यंतचा असेल, तर परवानगीसाठीं खेटे घालण्याचें कारण नाहीं. नोंदलेल्या जाणकाराच्या सहीचा नकाशा व दाखला द्यावा, शुल्क भरावें, पावती हाच परवाना. 150 ते 300 मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी मिळावी असें ठरलें आहे.

आणि हें सारें लिहिलें आहे इंग्रजींत, शेंकडों पानांच्या पोथींत! पूर्वीं शास्त्र संस्कृतांत होतें म्हणून भिक्षुकावांचून आमचें पान हालत नसे. आज तोच पाट दलालानें बळकावला आहे. जो हक्क पावतीनें मिळतो, त्याचीच दक्षिणा हा गृहस्थ मोजून घेतो, आणि आम्ही वर त्याचे उपकार मानतों. पालिकेच्या प्रत्येक झोन कचेरीच्या भिंतीवर किती मीटरला किती शुल्क, किती दिवस, कोणते कागद, हें ठळक मराठींत रंगवावयास किती खर्च येतो?

कोणी म्हणेल, मग हे कायदेच नकोत. आम्ही त्या मताचे नाहीं. 30 ऑक्टोबर 2022 रोजीं अमरावतींत प्रभात टॉकीजजवळची जुनी इमारत कोसळून 5 माणसें मेलीं. पालिकेनें आधीं नोटीस दिलेली होती. म्हणजे कागद होता, तपासणीहि झाली होती. नव्हतें काय, तर नोटिशीनंतर माणसें खालीं जाऊं न देणारा हात. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाहीं तर भिंत दोन वर्षांत तडकते. नकाशावर सही करणाऱ्यानें तो खड्डा कधीं पाहिलेला असतो काय? पाहिलेला असतो तो आमच्या गवंड्यानें, आणि त्याचें नांव नकाशावर कोठेंच नसतें. जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते व 1876 पासून पुणें म्युनिसिपालिटीचे सभासदहि होते. चुन्यांत पाणी किती घालावें व बिलांत तें कोठें मुरतें, हीं दोन्हीं त्यांस कळत होतीं. अशीं माणसें आज पालिकेंत किती निवडून जातात?

घर पाडण्याची नोटीस आली तर घाबरूं नये. 13 नोव्हेंबर 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, निदान 15 दिवसांची नोटीस नोंदणी टपालानें पाठवावी, घरावरहि लावावी, मालकाचें म्हणणें ऐकावें व कारणें देऊन हुकूम करावा. रस्ता, फुटपाथ किंवा नदीपात्र अडविलें असेल तर हें संरक्षण नाहीं. नोटिशीची तारीख पाहून लेखी उत्तर द्यावें व त्याची पोंच घ्यावी. तोंडी विनवणीची दप्तरांत नोंद होत नाहीं.

आतां गवंडी, सुतार, बेलदार बंधूंसाठीं एक गोष्ट. 1996 च्या कायद्यानें बांधकामाच्या खर्चावर शेंकडा एक उपकर बसविला. स्वतःच्या राहत्या लहान घराला सूट ठेवली. परवाना देतांना पालिका तो वसूल करते आणि तो पैसा बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो. म्हणजे मोठा इमला बिनपरवाना उठला कीं हा पैसाहि बुडतो. मंडळांत नांव नोंदविण्यास वर्षांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो देण्यास टाळतो. शहरांत पालिकेच्या अधिकाऱ्याकडून व खेड्यांत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून तो मागतां येतो. नाक्यावर उभे राहणाऱ्यांनीं एकेकटें न जातां दहा-दहा मिळून जावें, आणि जातांना आधारकार्ड व कामाच्या दिवसांची टिपणवही बरोबर न्यावी.