पहिली गाडी, जिवतीत

जुनी गाडी दुरुस्तीला घ्यायची म्हटले की हौशी माणसाचे मन एमजीबीवर जडते. 1962 ते 1980 दरम्यान पाच लाखांहून अधिक निघालेली ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार साधी आहे, सुटे भाग अजून नवे मिळतात, हा युक्तिवाद खराच. पण तो इंग्लंडात. माणिकगडाच्या डोंगरावरच्या जिवतीत तोच भाग आयातशुल्क भरून येणार. शिवाय एमजीबीला वेगळी चेसिस नाही. दाराखालचा पत्रा गंजला की गाडीचा कणाच खचतो, आणि नवशिक्याचे वेल्डिंग नेमके तिथे उघडे पडते. महिंद्राच्या जुन्या जीपची बॉडी बोल्ट सोडवले की चेसिसवरून उतरते. चुकलेच तर पत्रा वाया जातो, सांगाडा वाचतो. जीप देखणी नाही म्हणाल, तर नसेना! अर्धवट सोडलेली एमजीबी ताडपत्रीखाली तरी कुठे देखणी दिसते?