कपाटातला ड्रेस

खुनाबिनाचे सिनेमे मी एरवी बघत नाही. परवा मुलाने ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ लावला आणि मी जागची हलले नाही. १९९१ चा अमेरिकन सिनेमा, पाच ऑस्कर मिळालेला. एकामागून एक मुली पळवून मारणाऱ्या खुन्याचा माग काढणारी क्लॅरिस ही एफबीआयची शिकाऊ मुलगी.

साहेबलोक खुन्याच्या मागे धावतात. ही मात्र पहिल्या बळी गेलेल्या मुलीच्या घरी जाते. कारण तो हिला ओळखत असणार! तिच्या कपाटात शिवायला घेतलेला ड्रेस असतो, त्यावर टक्ससाठी कापलेले कागद. तस्साच आकार दुसऱ्या मुलीच्या पाठीवर कापलेला असतो. म्हणजे खुन्याला शिवण येतं! मोठमोठ्यांना न दिसलेलं तिला एका कपाटात दिसतं.

आपल्याकडे मुलगी बेपत्ता झाली की पहिला प्रश्न, “कुणाबरोबर गेली?” खरं सांगते, अशा घरी गेल्यावर मीही हेच विचारायचे. आता विचारते, ती कुठे जायची, कुणाला घाबरायची, मनातलं कुणाशी बोलायची? मुलगी शोधायची, तर आधी ती समजायला नको का?