विठाबाईंच्या बाळंतपणाचा हिशेब

नारायणगावच्या विठाबाईंचा विषय निघाला की सांगणारा हमखास त्या बाळंतपणावर येतो. खेळ रंगात आलेला, बाईंचे दिवस भरलेले. कळा सुरू झाल्या तशा त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. पोट दिसेना तेव्हा प्रेक्षकांच्या ध्यानात आले आणि त्यांनीच खेळ थांबवायला लावला, असे सांगतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. 'काय ही कलेवरची निष्ठा!' म्हणून आपण उठतो आणि जेवायला बसतो. २०२५ मध्ये त्यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट होत असल्याच्या बातम्या आल्या. त्यात हा प्रसंग असणार, हे कोणी सांगायला नको.

माझी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षे जुन्नर-आंबेगावच्या शाखांत गेली. कादंबऱ्या लिहिल्या त्या संध्याकाळी. त्यामुळे असेल, या प्रसंगात निष्ठेच्या आधी मला त्या रात्रीचा गल्ला दिसतो. खेळ मोडला तर पैसे परत. पैसे परत म्हणजे दुसऱ्या दिवशीचा शिधा आणि पुढच्या गावाचे गाडीभाडे कुठून आणायचे? फड घरचाच असला तरी ही विवंचना चुकत नाही. उलट घरच्या फडाला ती जास्त.

विठाबाई १९३५ साली पंढरपुरात जन्मल्या, म्हणून नाव विठा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा, म्हणजे भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा, फड तेव्हा नावाजलेला होता. लहानपणीच पायांत चाळ बांधले. गण, गौळण, बतावणी, वग असे सगळे अंगी मुरले, आणि पुढे फडाचा भारही अंगावर आला. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी त्या जवानांसाठी सरहद्दीवर जाऊन नाचल्या. राष्ट्रपतींकडून १९५७ आणि १९९० असा दोनदा गौरव झाला. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या, तेव्हा औषधपाण्याचा खर्च देणगीदारांच्या मदतीतून भागवावा लागला. चार वर्षांनी, २००६ मध्ये, सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. क्रम लक्षात घ्या. गौरवाला कधी तोटा नव्हता, तोटा होता तो खर्चाच्या बाजूला.

हे एका बाईचे दुर्दैव नव्हे. धंद्याची घडणच तशी आहे. ढोलकी फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. आधी कनात लावून तिकिटावर खेळ, आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या. पावसाळ्याचे महिने कमाई नाही, पण पोट आहे. मग कलावंत फडमालकाकडून उचल घेतात. मालक ती उचल द्यायला सावकाराकडून पैसा काढतो, तो पुढच्या यात्रांच्या भरवशावर. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी करोनाने चैत्रातल्या यात्राच बंद राहिल्या आणि ही साखळी पार तुटली. व्याज मात्र बंद राहिले नाही.

एक फडमालक माझ्याकडे कर्ज मागायला आले होते. दोन ट्रक, जनरेटर, कापडी तंबू, वाद्ये, आणि सुपाऱ्यांच्या चिठ्ठ्यांचा जाड गठ्ठा. शेतकऱ्याच्या उभ्या उसावर आम्ही कर्ज देत होतो, आणि हा गठ्ठा मला उभ्या पिकासारखाच दिसत होता. प्रस्ताव वर पाठवला. 'तारण अपुरे, व्यवसाय अनिश्चित' असा शेरा घेऊन तो परत आला. ते गृहस्थ शांतपणे कागद गोळा करून पुन्हा सावकाराकडे गेले.

आता बाळंतपणाच्या रजेकडे वळू. आमच्या बँकेतल्या बायकांना ती मिळत होती. प्रसूती लाभाचा कायदा १९६१ चा, म्हणजे विठाबाई ऐन भरात होत्या तेव्हाचा. १९७३ च्या दुरुस्तीने तो घोड्यांचे, कसरतीचे 'आणि इतर खेळ' करणाऱ्या आस्थापनांनाही लागू झाला. नजर होती सर्कशीवर. पण 'इतर खेळ' या शब्दांत तमाशा का बसू नये, हे मला कधी कळले नाही. वर्षात ८० दिवस काम भरले की हक्क. फडातली बाई सात महिने रोज नाचते! २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. २०२५ च्या अखेरीस हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला; तिला दहा माणसांची आस्थापना पुरते, आणि मोठ्या फडात तर शंभरावर माणसे असतात.

मग अडते कुठे? वहीत. फडात पगारपत्रक नसते, असते ती उचलीची वही. तिच्यात बाईच्या नावापुढे कामाचे दिवस नसतात, घेतलेले पैसे असतात. म्हणजे कागदोपत्री ती नोकर नव्हे, ऋणको. ऋणकोला रजा कोण देणार? आणि मालक स्वतःच सावकाराचा ऋणको असल्याने त्याला दुष्ट ठरवूनही काही सुटत नाही. म्हातारपणी सरकारचे कलावंत मानधन आहे, २०२४ पासून महिना ५ हजार. पण ते पन्नाशीनंतर. पंचविशीतल्या गरोदर बाईला त्याचा काय उपयोग?

आपल्याकडच्या यात्रांत सकाळी घाटात बैलगाडा शर्यत आणि रात्री तमाशा, हा जुना जोड. शर्यतीवर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात ती उठली. आता बैल धावायला तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. ते योग्यच आहे. त्याच यात्रेत रात्री नाचणाऱ्या बाईसाठी मात्र कुणी दाखला मागत नाही.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, यात्रा कमिट्या येतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. मी पाहिलेल्या करारांच्या कागदांवर रक्कम असते, विसार असतो, नाचणाऱ्या बायका किती ते असते, रात्रीचा खेळ किती वाजता आणि सकाळची हजेरी कुठे तेही असते. बाई आजारी पडली किंवा बाळंत झाली तर तिचे काय, याची ओळ मला अजून कुठल्याही कागदावर आढळलेली नाही.