बाळाला घेऊन समुद्रावर निघालात?

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांचं कुलदैवत कोकणात आहे. घरात बाळ आलं की त्याला देवाच्या पायांवर घालायला न्यायचं ठरतं. मंगला एक्सप्रेस ग्वाल्हेरहून थेट रत्नागिरीला नेते. तिथून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे पंचवीसेक किलोमीटर. मग एक दिवस समुद्राचा ठरतोच.

जरूर जा. फक्त तो दिवस बाळाच्या वेळेने आखा, मोठ्यांच्या हौसेने नको.

पोचल्या दिवशी समुद्रावर जाऊ नका. रात्रभर गाडीत बाळाची झोप मोडलेली असते. एक दिवस मुक्कामी राहा. त्याला नीट पिऊ द्या, झोपू द्या.

आपल्याला लूची सवय आहे. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांवर जातो, त्यामुळे कोकणातले 33 अंश आपल्याला काहीच वाटत नाहीत. इथेच फसगत होते. आपल्याकडे हवा कोरडी, घाम लगेच वाळतो आणि अंग गार होतं. समुद्रकाठी हवा दमट. घाम वाळत नाही आणि उष्णता अंगातच राहते. मोठी माणसं उकडतंय म्हणून पंख्याखाली जाऊन बसतात. बाळ मात्र किरकिरतं, नाहीतर गळून गप्प पडतं.

जानेवारीत जात असाल तर उलटी चूक होते. घरून निघताना स्वेटर, कानटोपी, मोजे घातलेले असतात. रत्नागिरीत दुपारी ऊन चांगलंच तापतं. उतरल्यावर बाळाच्या मानेमागे हात लावून बघा. मान गरम, ओलसर लागली तर कपडे कमी करा.

समुद्रावर सकाळी नऊच्या आत जा, नाहीतर चारनंतर. मधली दुपार खोलीतच काढा. वाळू आणि पाणी दोन्ही ऊन परावर्तित करतात, म्हणून छत्रीखालीही बाळाला चटका बसतो. पातळ, सुती, पूर्ण बाह्यांचं झबलं घाला. डोक्याला काठाची टोपी हवी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाचं क्रीम लावू नका. त्याला सावलीतच ठेवा. मोठ्या बाळाला कोणतं लावायचं, ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

काही घरांत जावळ कुलदैवतापाशीच काढतात. मग तर जास्तच जपा. नुकतं मोकळं झालेलं डोकं उन्हात फार लवकर भाजतं. जावळ आणि समुद्र एकाच दिवशी ठेवू नका. बाहेर नेताना मऊ टोपडं बांधा.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त आईचं दूध. वरचं पाणी नको, शहाळ्याचं नको, ग्लुकोजचंही नको. एरवीपेक्षा जास्त वेळा पाजा. आईनेही भरपूर पाणी प्यायला हवं. तिची बाटली भरलेली आहे ना, हे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बघावं. वरचं दूध असेल तर उकळलेलं पाणी थर्मासमध्ये आणि पावडर वेगळी न्या. दूध ऐनवेळी कालवा. उरलं तर टाकून द्या.

आता पाण्याचं. आपल्या ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर काठाशी पाणी शांत असतं, ती सवय समुद्रावर चालत नाही. भरती दिवसातून साधारण दोनदा येते आणि तिची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. चादर अंथरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला किंवा दुकानदाराला विचारा, ‘भरती कधी आहे?’ गणपतीपुळ्याच्या पाण्याला ओढ आहे. तिथे माणसं बुडाली आहेत. सूचनांचे फलक वाचा आणि पाळा.

फोटोसाठी बाळाला कडेवर घेऊन लाटेत उभे राहू नका. लाट परतताना पायाखालची वाळू नेते. तोल गेला की बाळ तुमच्याआधी पाण्यात जातं. त्याचे पाय समुद्राला लावायचे असतील तर कोरड्या वाळूवर त्याला मांडीवर घेऊन बसा. कुणाला तरी लोटाभर पाणी आणायला सांगा आणि हळूच पावलांवर ओता. बाळाला तेवढा समुद्र पुरतो. पावसाळ्यात समुद्र लांबूनच दाखवा.

दहा माणसं बरोबर असली की प्रत्येकाला वाटतं, बाळ दुसऱ्याकडे आहे. रांगणारं बाळ वीतभर पाण्यातही बुडू शकतं आणि आवाजही होत नाही. म्हणून मोठ्याने ठरवा, ‘आता बाळ माझ्याकडे.’ त्या माणसाने मोबाइल बाजूला ठेवावा. पाळी बदलताना तसंच बोलून बदला. गणपतीपुळ्याला अख्ख्या डोंगराला प्रदक्षिणा घालायची असते. तीही पाळीपाळीने करा, एकाने बाळाजवळ सावलीत थांबावं. बंद गाडीत बाळाला एकटं ठेवू नका, दोन मिनिटंसुद्धा नको.

परतल्यावर वाळू गोड्या पाण्याने धुवा. मांड्यांच्या आणि मानेच्या घड्या बघा, तिथेच घामोळं येतं.

आता ही लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत. लघवी खूप कमी झाली, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, बाळ सुस्त पडलं किंवा दूध ओढेनासं झालं, तर दर्शन, जेवण सगळं सोडून डॉक्टर गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तरी तसंच. अडचण आली तर 108 वर फोन करा. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे.

हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी घरात बसून ठरवा, आजी-आजोबांसकट. म्हणजे तिथे ऐनवेळी वाद होणार नाहीत आणि बाळाच्या आईला एकटीला सगळ्यांना नको नको म्हणत बसावं लागणार नाही.