हे कोणी मोजले?

मनमाडच्या एखाद्या शाळेने 'आमच्या गावाचे पाणी' हा प्रकल्प घेतला आहे, अशी कल्पना करा. मनमाडने पाणीटंचाई वर्षानुवर्षे सोसली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला विचारले, की वागदर्डी धरणापासून पावसाच्या सरासरीपर्यंत सारे क्षणार्धात लिहून येते. ते तसेच वहीत उतरवावे काय? माझ्या मते, उतरवू नये.

हे साधन कसे चालते ते पाहा. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते अफाट मजकुरावरून शिकलेले असते. त्याच अंदाजाने ते वाक्य जुळवते. ज्या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे, तेथे अंदाज बहुधा बरोबर येतो. पण मनमाडच्या विहिरींविषयी कितीसे लिहिले गेले आहे? तेथे चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे पुढे येतो.

जाणत्यांचीही यात फसगत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले तीन न्यायनिवाडे मुळी अस्तित्वातच नव्हते! यंत्राने दिलेली उत्तरे पडताळल्यावाचून स्वीकारू नयेत, असे न्यायालयाने बजावले.

मग साधन वापरूच नये काय? अवश्य वापरावे. अवघड संज्ञा समजून घेण्यास, गावकऱ्यांना विचारायच्या प्रश्नांची यादी करण्यास ते उपयोगी पडते. परंतु आकडा आला, की विचारा : हे कोणी मोजले? केव्हा मोजले? कशाने मोजले? साधनाने दुवा दिला असेल, तर तो उघडून वाचा. पावसासाठी हवामान खात्याच्या नोंदी, लोकसंख्येसाठी जनगणनेची कोष्टके, पाणीपुरवठ्यासाठी नगरपालिका, अशी मूळ ठिकाणे गाठा. आधार सापडला नाही, तर तो आकडा गाळा.

आणि विहिरीचे काय? मोठ्या माणसांना सोबत घेऊन, दोरीला वजन बांधून, कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर दर रविवारी मोजा. तारखेसह लिहून ठेवा. तुम्ही मोजल्याखेरीज ही माहिती कोणतेही यंत्र देऊ शकणार नाही.

शिक्षकांनाही एक विनंती. सुबक मजकुरापेक्षा पडताळणीला अधिक गुण द्या आणि साधनाची मदत कोठे घेतली, ते मुलांना वहीत मोकळेपणाने लिहू द्या. चार आकडेच असोत, पण प्रत्येकाचा आधार सांगता यावा. संशोधनाची सुरुवात तेथूनच होते.